परतवाड्याची गाडी

मार्च संपत आला की अकोल्यात परीक्षेच्या हॉलवर तीन तास उभं राहणं ही शिक्षाच असते. पंखे चालू असतात, पण ते एका बाकावरची गरम हवा उचलून दुसऱ्या बाकावर ठेवतात, एवढंच. खिडकीबाहेर कडुलिंब फुललेला असतो आणि त्याचा गोडसर वास डोक्यात चढतो. मी मराठी शिकवते. या दिवसांत शिकवणं संपलेलं असतं, फक्त येरझारा उरतात.

परवा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा पेपर होता. अर्धा तास बाकी होता. मागून दुसऱ्या बाकावरच्या मुलीचं लिहून झालं होतं आणि ती पेन बाकावर हलकेच आपटत गुणगुणत होती. मी जवळ गेले. ‘थांबत का नाहीस गं तू, परतीची गाडी’ असे शब्द होते.

“परतीची नाही,” मी म्हणाले, “परतवाड्याची.”

अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आल्यावर मुलं पेपराकडे पाहतात तसं तिनं माझ्याकडे पाहिलं. “नाही मॅडम, परतीचीच आहे. मले पाठ आहे.” मग तिनं जीभ चावली. “मला.”

तिची काही चूक नव्हती. तिच्यापर्यंत ते गाणं पोचलंच धुऊन, इस्त्री करून. तिच्यासाठी फॅनबेल्ट म्हणजे मोठ्या स्टेजवर, धुराच्या लोटात उभा राहणारा बँड. आमच्यासाठी तो वलगाव रोडवरच्या टिनाच्या एका शेडात, ग्रीसच्या वासात आणि अमरावतीच्या दुपारच्या उन्हात सुरू झाला होता. तेव्हाही परीक्षेचेच दिवस होते. बारा-तेरा वर्षं झाली असतील.

ते शेड इरफानच्या मामूंचं गॅरेज होतं. शुक्रवारी दुपारी नमाजनंतर ते बंद असायचं, म्हणून शुक्रवारी प्रॅक्टिस. इरफान मूळचा अचलपूरचा, उर्दू शाळेत दहावीपर्यंत शिकलेला, मामूंच्या हाताखाली मोटरसायकली खोलणारा. हर्षल शेंदूरजनाघाटच्या संत्रावाल्यांचा मुलगा, अमरावतीत इंजिनीअरिंगला. तो गाडीचा क्लच दुरुस्त करायला गेला होता, तेव्हा त्यानं इरफानला दोन पान्यांनी मडगार्डवर ठेका धरताना ऐकलं आणि गाडी तिथेच ठेवून गिटार घेऊन आला, असं हर्षल सांगायचा. गाडीचं काम अर्धवट राहिलं म्हणून मामूंची बोलणी खाल्ली, असं इरफान सांगायचा. बेसवर हर्षलचा एक चुलतभाऊ होता. तो बोलायचाच नाही.

ड्रम एका लग्नाच्या बँडपार्टीनं टाकून दिलेले. अॅम्प्लिफायर गणपती मंडळाचा, त्याचा स्पीकर फाटलेला, त्यामुळे गिटारच्या प्रत्येक सुराला एक खरखरीत काठ यायचा. हर्षलनं पेनड्राइव्हमधून परदेशी पोरांची गाणी आणली होती. त्यांच्या आजोबांच्या वेळी लोक गाडी बाहेर काढून गॅरेजमध्ये वाजवायचे, तो ओबडधोबड आवाज या पोरांनी पुन्हा उकरून काढला होता. तीनच सूर, फाटका गळा, मुद्दाम वाईट रेकॉर्ड केलेलं.

“मुद्दाम?” इरफान हसला होता. “आपल्याले त मुद्दाम कराव बी लागत नाई, यार.”

आम्ही ऐकणारे सुरुवातीला सहाजण होतो. मी, वलगावचा प्रफुल्ल आणि त्याचे चार मित्र. आम्ही अभ्यासाची पुस्तकं घेऊन जायचो, घरी खोटं बोलावं लागू नये म्हणून. टिन इतकं तापायचं की खाली ओली पोती अंथरावी लागायची. ग्रीस, ओली पोती, आणि प्रफुल्लनं आणलेल्या खरबुजाच्या फोडी. मी एम.ए.चं भाषाविज्ञान त्या गोंगाटात वाचलं आहे आणि त्या वर्षी मला पहिला वर्ग मिळाला, यावर आजही कुणी विश्वास ठेवत नाही. पहिल्यांदाच कुणीतरी आमच्या बोलीत गात होतं आणि हसवण्यासाठी गात नव्हतं. वऱ्हाडी तोवर आम्हाला फक्त नकलांमध्ये भेटायची. नाटकातला गडी, सिनेमातला बावळट पाहुणा. इथे हर्षल डोळे मिटून ‘मले’ म्हणायचा आणि अंगावर काटा यायचा.

त्या मार्चच्या सुरुवातीला इरफान तीन शुक्रवार आला नाही. त्याची आई वारली, एवढं कळलं. चौथ्या शुक्रवारी मी जरा लवकर पोचले, तर शेडात तो एकटाच. हाताला रॉकेल चोळून काळं काढत होता.

“वही हाये का?” त्यानं विचारलं. “लिव. मी बोलतो.”

तो मराठी माझ्यापेक्षा रसरशीत बोलायचा, पण लिहिताना अडखळायचा. मी भाषाविज्ञानाच्या वहीची मागची पानं उघडली. त्यानं न थांबता सांगितलं. ‘थांबत काहून नाई वं, परतवाड्याची गाडी, मी हात करून राहिलो, तू धूळ सोडून राहिली.’ दोन कडवी, सगळी अशीच.

“कोणासाठी?” मी विचारलं. मला वाटलं, एखादी मुलगी असेल.

त्यानं हात पुसले. मग सांगितलं. आई अचलपूरला आजारी होती. सकाळी मामूंना फोन आला. मामू वरूडला गेले होते, ते परस्पर तिकडून निघाले आणि याला म्हणाले, तू एसटीनं ये. शेडात अकरा मोटरसायकली होत्या. दहा खोललेल्या. अकरावी चालू होती, पण ती गिऱ्हाइकाची, आणि गिऱ्हाइकाची गाडी कामासाठी सोडून कुठेही न्यायची नाही हा मामूंचा नियम. म्हणून तो रस्त्यावर जाऊन परतवाड्याच्या एसटीसाठी उभा राहिला; अचलपूर परतवाड्याला लागूनच आहे. लग्नसराई आणि परीक्षा एकत्र आलेल्या. एसट्या दारापर्यंत भरून येत होत्या. एक गेली, दुसरी गेली, तिसरीच्या ड्रायव्हरनं हातानंच ‘मागून येते’ अशी खूण केली. चौथी थांबली.

“पोचलो तवा तिचा चेहरा झाकेल होता,” तो म्हणाला. “ते गिऱ्हाइकाची गाडी तिथंच शेडात उभी होती, स्वाती. चाबी माह्याच खिशात होती.”

त्यानंतर हर्षल आणि बाकीचे आले. इरफान ड्रमवर जाऊन बसला. मी वही हर्षलला दिली. त्यानं पान वाचलं आणि म्हणाला, “काय गाणं आहे बे!” तासाभरात चाल बसली. इरफाननं त्यांना आईचं काही सांगितलं नाही. मीही नाही.

त्या गाण्याचा पहिला कार्यक्रम शेंदूरजनाघाटला झाला, हर्षलच्या वडिलांच्या पॅकिंगच्या शेडात. मृगबहराच्या संत्र्याचा शेवटचा माल निघत होता. एका बाजूला ढीग, दुसऱ्या बाजूला क्रेट उलटे टाकून आम्ही बसलेलो, दुपारची चार-साडेचारची वेळ. संत्री निवडणाऱ्या बायांनी काम न थांबवता ऐकलं. त्यांचे हात चालूच होते, लहान इकडे, मोठं तिकडे, डागी खाली. तिरपं ऊन आत आलं होतं आणि सालीच्या तेलाचा वास नाकात झणझणत होता. तिसरं गाणं म्हणून ‘परतवाड्याची गाडी’ सुरू झालं आणि आम्ही क्रेटवर उभे राहून नाचायला लागलो. प्रफुल्लनं शर्ट काढून फिरवला.

माझ्याजवळची एक बाई थांबली होती. पन्नाशीची असेल. हातात एक संत्रं तसंच.

“कोन गेलं व बाप्पा त्याचं?” तिनं मला विचारलं.

“कुणाचं?”

“त्या ढोलवाल्या पोराचं.”

इरफान तेव्हा गातही नव्हता. नुसता वाजवत होता, मान खाली घालून. मी तिला काहीतरी उत्तर दिलं आणि पुन्हा नाचायला लागले. माझ्या डोळ्यांसमोर अजून त्या बाईचं थांबलेलं बोट येतं, सालीत रुतलेलं. त्या शेडात तिला एकटीला गाणं कळलं होतं, आणि जिला ते माहीत होतं ती मी क्रेटवर उड्या मारत होते.

प्रफुल्लनं त्या दिवशी मोबाइल एका क्रेटला टेकवून चित्रण केलं होतं. ते मी टाकलं, कारण फॅनबेल्टचं फेसबुकवरचं पान मी चालवायची. मला शब्द बरे सुचतात असं सगळ्यांचं मत होतं. पावसाळा लागेपर्यंत ते चित्रण कुठल्या कुठे गेलं. नागपूर, नाशिक, दुबईत नोकरीला गेलेली पोरं, सगळे लिहायचे, अरे ही तर आमची भाषा. मी प्रत्येकाला उत्तर द्यायची. त्या चार-पाच महिन्यांत मला वाटायचं की मी काहीतरी मोठं घडवते आहे. कॉलेजाकॉलेजात पोरं जुने स्पीकर मुद्दाम फाडून वाजवायला लागली. अकोल्यात एका गॅदरिंगला तीन बँड आले आणि तिघांनीही आमचंच गाणं वाजवलं. आम्ही प्रफुल्लच्या मळ्यात बसून या बातम्या एकमेकांना सांगायचो आणि आमचं ‘आम्ही’ दर आठवड्याला फुगत जायचं.

दिवाळीनंतर मुंबईहून एका रेकॉर्ड कंपनीची माणसं आली. चांगली माणसं होती, हसून बोलायची. त्यांना बँड आवडला होता. ड्रम जरा कच्चे वाटत होते. भाषा गोड होती, पण सगळ्यांना कळायला हवी. हर्षलनं दोन्ही मान्य केलं. इरफानला त्यानं फोनवर सांगितलं की कंपनीला तिकडचा ड्रमर हवा आहे, तात्पुरता, पुढे बघू.

इरफान मला भेटायला विद्यापीठात आला. त्याआधी तो तिथे कधी आला नव्हता. वाचनालयाच्या पायऱ्यांवर उन्हात उभा होता, धुतलेला शर्ट घालून, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींच्या वाटेतून अंग चोरत होता.

“मले काढलं त्याचं काई नाई,” तो म्हणाला. “माहा हात हाये तसाच हाये. पन गान्याखाली हर्षलचं नाव टाकून राहिले ते. शब्द त्याचे, असं. तुह्यापाशी वही हाये नं? त्या पानाचा फोटो टाक फेसबुकवर. अन् लिव का मी सांगतलं होतं.”

“अक्षर माझं आहे, इरफान.”

“म्हनूनच. तू म्हनशीन त लोक मानतीन.”

खरंच होतं ते. मी म्हटलं असतं तर मानलं असतं. मी त्याच्याकडे न पाहता म्हणाले, “आत्ता नको. करार व्हायचा आहे अजून. आत्ता भांडण बाहेर आलं तर बँडचं नुकसान होईल. एक महिना थांब.”

“बँड म्हंजे कोन?” त्यानं विचारलं. आवाज वाढवला नव्हता. “मी नाई का त्याच्यात?”

मी वाचनालयाच्या दाराकडे पाहिलं. तो “बरं” म्हणाला आणि पायऱ्या उतरला.

पुढच्या आठवड्यात वलगावच्या कुण्या पोरानं फेसबुकच्या पानावर विचारलंच, हे गाणं तर गॅरेजवाल्या इरफाननं केलं होतं ना? त्याखाली वादावादी सुरू झाली. हर्षलचा मला फोन आला. “तू काहीतरी लिही,” तो म्हणाला. “तुला जमतं.” आणि मला जमलं. मी लिहिलं की गाणं कुणा एकाचं नसतं, ते मातीतून उगवतं, ज्याच्या ओठांवर येतं त्याचं होतं. परतवाड्याची गाडी आपल्या सगळ्यांची आहे. आजही ते वाक्य मला तोंडपाठ आहे. हजारावर लोकांना ते आवडलं. कुणी लिहिलं, डोळ्यांत पाणी आलं. ज्यानं प्रश्न विचारला होता तो पोरगा गप्प झाला. इतकं सुंदर लिहिलेल्याला कोण काय बोलणार?

वहीसुद्धा गेली. हर्षल मुंबईला निघाला तेव्हा म्हणाला, “ती वही दे ना, आठवण म्हणून.” मी दिली. तो ती का मागतो आहे हे मला कळत होतं. मी तिच्यावर ‘प्रिय फॅनबेल्टला’ असं लिहून दिली.

मग गाणं नवं होऊन आलं. परतवाड्याची जागा परतीनं घेतली, ‘वं’चं ‘गं’ झालं. चित्रणात एक गोरी मुलगी एसटीच्या खिडकीत बसलेली आणि मागे हर्षल धावतो आहे. ‘मी हात करून राहिलो’ याचं त्यांनी ‘मी हात करत राहिलो’ केलं. ऐकायला फरक नखाएवढा. मी वर्गात दर वर्षी शिकवते की वऱ्हाडीत ‘करून राहिलो’ म्हणजे आत्ता, या क्षणी करतो आहे. ‘करत राहिलो’ म्हणजे केलं बराच वेळ आणि संपलं. पहिल्या ओळीतला माणूस अजून रस्त्यावर हात वर करून उभा आहे. दुसऱ्या ओळीतला घरी जाऊन जेवलासुद्धा. उदाहरण म्हणून ही ओळ मात्र मी फळ्यावर कधी लिहिलेली नाही.

आमचा एक ग्रुप आहे, जुन्या चाहत्यांचा. सुरुवातीचे दिवस, पोती, खरबूज, फाटका स्पीकर, यावर तिथे रोज कुणीतरी हळहळतं. नवी गाणी कशी पिचपिचीत झाली, हर्षल कसा बदलला, पुण्याची भाषा बोलायला लागला. नव्या पोरांना खऱ्या फॅनबेल्टची काही कल्पना नाही म्हणे. इरफानचं नाव निघतं, पण ते चवीपुरतं. “तो असता तर मजा आली असती.” असता तर! जणू तो वारला आहे. अमरावतीपासून पन्नास किलोमीटरवर आहे तो. आमच्यातलं कुणी इतक्या वर्षांत एसटीनं अचलपूरला गेलं नव्हतं.

यंदा फेब्रुवारीत फॅनबेल्टचा अमरावतीत कार्यक्रम झाला. घरी परत येतोय, अशी जाहिरात. संध्याकाळी सहाला मैदान भरलं होतं. आम्ही जुने लोक कुंपणाजवळ एकत्र उभे होतो, प्रफुल्लनं मुलाला खांद्यावर घेतलं होतं. तो आता वलगावात खताचं दुकान चालवतो. हर्षल सुटलेला दिसत होता, पण आवाज तोच. शेवटी त्यानं गिटार बाजूला केली आणि म्हणाला, “हे गाणं मी एका मुलीसाठी लिहिलं होतं. अमरावतीत. ती कधी थांबली नाही.” मैदानभर हसू आणि शिट्ट्या.

“खोटं बोलून राहिला बे हा,” प्रफुल्ल माझ्या कानाशी म्हणाला.

“मग ओरड ना.”

“तू ओरड. तुले जास्त माहीत हाये.”

गाणं सुरू झालं. मी ओठ घट्ट मिटून उभी राहीन असं ठरवलं होतं. पहिल्याच ओळीला माझं तोंड उघडलं. चाल शरीरात बसलेली असते, ती परवानगी मागत नाही. मी गायले, प्रफुल्ल गायला, आणि आम्ही दोघांनीही ‘परतीची’ म्हटलं, कारण सगळे तेच म्हणत होते.

त्यानंतरच्या रविवारी मी अचलपूरला गेले. इरफानचं स्वतःचं गॅरेज आहे आता, रस्त्यालगत, बऱ्यापैकी मोठं. कानशिलावर पांढरे केस आलेत. त्यानं मला लगेच ओळखलं, खुर्ची पुसून दिली आणि चहा सांगितला.

“बसा मॅडम. अकोल्याले असता म्हने तुमी.”

पूर्वी तो मला स्वाती म्हणायचा.

मी अमरावतीच्या कार्यक्रमाचं सांगितलं. त्यानं ऐकलं. एका बुलेटचं चाक त्याच्यासमोर होतं, तो एकेक तार वाजवून पाहत होता, कुठली सैल आहे ते. मी विचारलं, वाजवतोस का अजून? तो म्हणाला, नाही. मग मी जे ठरवून गेले होते ते बोलून टाकलं. माझं चुकलं. फार मोठं चुकलं. आता मी लिहिणार आहे. तुझ्या नावासकट, सगळं, शब्द कुणाचे होते, कसे झाले.

“काहून?” त्यानं विचारलं.

“लोकांना कळायला हवं.”

“तवा लिवलं असतं त मले बरं वाटलं असतं,” तो म्हणाला. “आता लिवून तुमालेच बरं वाटन.”

चहा आला. त्यानं माझ्यापुढे कप ठेवला आणि पुन्हा चाकाकडे वळला. मी रडेन की काय असं मला वाटलं आणि त्याची लाज वाटली, कारण रडणं हा इथे माझा हक्क नव्हता. त्यालाही ते दिसलं असावं.

“लिवाचं असन त लिवा,” तो जरा मऊ आवाजात म्हणाला. “पन माहं नाव नका टाकू. पोरी शाळेत जाते माह्या, लोक विचारत बसतीन. अन् अम्मीचं काई नका टाकू. ते मी तुमाले सांगतलं होतं, गान्यासाठी नाई सांगतलं.”

“नाही टाकणार,” मी म्हणाले.

पहिली गोष्ट मी पाळली आहे. इरफान हे त्याचं नाव नाही. दुसरी पाळण्याचा मी खरोखर प्रयत्न केला. अम्मीचा तो सगळा भाग काढून हा लेख दोनदा लिहून पाहिला. उभाच राहत नव्हता. तिच्याशिवाय त्यात काही दमच नव्हता, म्हणून ठेवला.

गाण्याबद्दल हर्षलही कदाचित असंच काहीसं म्हणेल.